फटफटीचा आवाज : एक अभ्यास

मोटारसायकलला आपल्या मराठीने दिलेले नाव तिच्या चाकांवरून पडलेले नाही, वेगावरूनही नाही. ते पडले आहे आवाजावरून. 'फटफटी' हा ध्वन्यनुकारी शब्द आहे, हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकतो. परंतु ती 'फटफट' का करते, बुलेट 'धडधड' का करते आणि जुनी यामाहा 'टर्र' का करते, याचे उत्तर व्याकरणात मिळत नाही. ते इंजिनातच शोधावे लागते.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. माझे वडील दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. पण नुसत्या आवाजावरून गाडीचा दोष ओळखण्याची विद्या घरात त्याआधीपासून होती. त्या विद्येला थोड्या वाचनाची जोड देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

आवाज येतो कोठून?

सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटते आणि तापलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टन तळाशी पोहोचण्याच्या थोडे आधीच धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो. त्या क्षणी आतील दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. कोंडलेला वायू एकदम नळीत सुटतो आणि दाबाची एक लाट उठते. ही लाट म्हणजेच एक 'फट'. याखेरीज हवा आत ओढली जाण्याचा, टॅपेटचा, साखळीचा व गिअरचा आवाज असतोच. मेकॅनिक दोष शोधतो तो बहुधा या बारीक आवाजांत. पण रस्त्यावरच्या माणसाला जो ऐकू येतो, तो मुख्यतः सायलेन्सरमधून येणाऱ्या लाटांचा आवाज होय.

फेऱ्यांचा हिशेब

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला एकदा. एक सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 1200 फेरे घेत उभे असेल, तर मिनिटाला 600, म्हणजे सेकंदाला 10 स्फोट झाले. इतक्या सावकाश येणाऱ्या लाटा कानाला सुट्या सुट्या ऐकू येतात. फेरे 6000 झाले की सेकंदाला 50 स्फोट होतात. आता त्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि त्यांचा खर्जातला एक स्वर बनतो.

त्याच 6000 फेऱ्यांवर एक सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी सेकंदाला 100 स्फोट करते. संगीताचे विद्यार्थी जाणतात की, कंपनांची संख्या दुप्पट झाली की स्वर एका सप्तकाने वर जातो. म्हणजे टू-स्ट्रोक गाडी त्याच गतीला एक सप्तक वर गाते. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन 12000 फेऱ्यांवर पळाले, तर सेकंदाला 400 स्फोट होतात; पहिल्या स्वराहून हा तब्बल तीन सप्तके वर. शर्यतीच्या गाड्या किंचाळल्यासारख्या का वाटतात, याचे कारण या साध्या गुणाकारात आहे.

1985 ते 1996 या काळात भारतात तयार झालेली 98 सीसीची यामाहा आरएक्स 100 ही टू-स्ट्रोक गाडी. तिच्यात धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नसून सिलिंडरच्या भिंतीतले छिद्र पिस्टन सरकताच झटकन उघडे पडते. त्यामुळे लाटेला धार येते. उलट जुन्या बुलेटच्या 346 सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, तर पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. लांब धाव आणि जड फ्लायव्हील यांमुळे हे इंजिन संथ फिरूनही बंद पडत नाही. एकाच मोठ्या सिलिंडरमधून, अंतरा-अंतराने येणारे हे भारदस्त ठोके म्हणजेच ती प्रसिद्ध धडधड.

लय आणि ठेका

दोन सिलिंडर आले की सुराबरोबर तालाचाही विचार करावा लागतो. दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होणाऱ्या इंजिनात स्फोट 360 अंशांच्या समान अंतराने होतात व लय सरळ राहते. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनच्या पारंपरिक इंजिनात मात्र दोन सिलिंडर 45 अंशांच्या कोनात असून दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसवलेले असतात. त्यामुळे एका स्फोटानंतर दुसरा 315 अंशांनी, तर त्यानंतरचा 405 अंशांनी होतो. हा लंगडणारा ठेकाच त्या गाडीची ओळख बनला. 1994 साली कंपनीने हा आवाज आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केला. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि 2000 साली तो मागे घेण्यात आला. 2018 साली भारतात आलेल्या रॉयल एन्फिल्डच्या 650 सीसी गाड्यांतही 270 अंशांचा क्रँक मुद्दाम योजलेला आहे. तेथे स्फोटांमधील अंतर आळीपाळीने 270 व 450 अंश पडते.

सायलेन्सरचे काम

सायलेन्सर म्हणजे नुसती पोकळ नळी, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक त्याच्या आत कप्पे, पडदे आणि छिद्रांच्या नळ्या असतात. लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना फैलावते, आपटून परत फिरते आणि काही लाटा एकमेकींना मारक ठरतात. काही सायलेन्सरांत छिद्रांच्या नळीभोवती ग्लासवूल भरलेले असते. ते लाटेची ऊर्जा शोषून तिची उष्णता करते. ग्लासवूल बारीक, कर्कश आवाज चांगले गिळते. खर्ज मात्र कप्प्यांनीच आवरावा लागतो.

परत फिरणारी लाट इंजिनाच्या उपयोगीही पडते. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी 1950 नंतरच्या दशकात टू-स्ट्रोक गाड्यांच्या फुगीर नळ्यांवर संशोधन केले. नळीच्या निमुळत्या टोकावरून परतलेली लाट निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, हे त्यांनी प्रत्यक्ष यशस्वी करून दाखवले. त्यामुळे लहानशा इंजिनाची शक्ती कितीतरी वाढली. तात्पर्य, नळीची लांबी व आकार हा इंजिनाचाच एक भाग असतो.

बदललेला सायलेन्सर

कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातला बसवला की आतले पडदे गेले, कप्पे गेले. आवाज वाढतो, म्हणून ताकदही वाढली असे चालवणाऱ्याला वाटते. काळजीपूर्वक आखलेल्या नळीने वरच्या फेऱ्यांवर थोडी शक्ती वाढू शकते, हे खरे. पण नुसत्या रिकाम्या नळीत परतीच्या लाटेची वेळ चुकते आणि कमी फेऱ्यांवरची ओढ बहुधा घटते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच मार्गावर असतो. तो काढला की विषारी वायू जसेच्या तसे बाहेर पडतात. चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून जे 'फटाके' फोडले जातात, ते म्हणजे न जळलेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटणे होय. त्यात पराक्रम कसला?

कायद्याचेही पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 120 प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर आवश्यक आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजाची मानके मोडणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा 50 डेसिबल आहे. डेसिबलचे गणित फसवे असते. दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे 80 डेसिबलचा आवाज 50 डेसिबलच्या हजारपट ऊर्जेचा असतो.

आमच्या गॅरेजमध्ये महिन्यातून चार-पाच तरुण तरी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मागायला येतात. वडील नकार देतात. गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजमध्ये जाते आणि मजुरीही जाते. आमच्यासारख्या घरात ती रक्कम लहान नसते. मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "माझा धंदा कानावर चालतो. नळीच ओरडायला लागली, तर टॅपेट काय सांगतोय ते मला कसं कळणार?"

मला वाटते, या उत्तरात तांत्रिक सत्य तर आहेच, पण त्याहून अधिक काही आहे. गावाकडून आलेल्या, नव्यानेच गाडी मिळालेल्या मुलाला आपली दखल घेतली जावी असे वाटते. त्या इच्छेला मी हसणार नाही. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी वळून पाहिले नाही, त्यांना मोठा आवाज हवासा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मोठ्या आवाजाने माणसे वळून पाहतात, ऐकून घेतातच असे नाही. शांतता क्षेत्राची 100 मीटरची कक्षा रुग्णालये व न्यायालये यांच्याप्रमाणे शिक्षणसंस्थांभोवतीही असते. आपल्या ग्रंथालयाच्या खिडक्या रस्त्याकडे उघडतात आणि त्या खिडक्यांशी बसणाऱ्यांतील कित्येकांना घरी अभ्यासाला निवांत कोपरा नाही. फाटकातून आत येताना आपल्या गाडीने त्यांच्याकडून काय हिरावून घेतले, एवढा हिशेब प्रत्येकाने करावा.