कोकोचं पोतं, काजूची बी आणि पावतीवरचं नाव

(गट बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी)



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक चालू होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले. एका ताईची छोटी मांडीवर बसून दहा रुपयांचं चॉकलेट खात होती. तिच्या आजीने मध्येच मला विचारलं, "मॅडम, हे कशापासून करतात?" मी म्हटलं, कोकोच्या बियांपासून. "मग त्या बिया वाळवतं कोण?" मला उत्तर देता येईना. कॉलेजात 'जबाबदार खरेदी' हा विषय परीक्षेला होता, मार्कही बरे पडले होते. पण बिया वाळवतं कोण, हे त्यात कुठे आलंच नव्हतं. मग शोधून वाचलं, तेच आज मांडते.

जगातला निम्म्याहून जास्त कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. आयव्हरी कोस्टचं नाव आपल्या काजूवाल्यांना नवीन नाही. तिकडची काजू बी जहाजाने आली की इथला दर पडतो, म्हणून आपण त्या देशाचं नाव जरा रागानेच घेतो. पण तिथला शेतकरी आपल्यासारखाच आहे. थोडी जमीन, जुनी झाडं आणि राबायला घरचीच माणसं.

कोकोचं फळ फणसासारखं थेट खोडाला लागतं. ते कोयत्याने तोडायचं, फोडायचं. आत पांढऱ्या गरात तीस-चाळीस बिया असतात. गरासकट त्यांचा ढीग करून केळीच्या पानांत गुंडाळून पाच-सात दिवस आंबवत ठेवतात, मधून मधून उलटतात. आंबवणं चुकलं तर चॉकलेटचा स्वाद येतच नाही. मग तट्ट्यावर पसरून आठवडाभर ऊन द्यायचं. रोज हात फिरवायचा, खराब बी वेचून टाकायची, आभाळ आलं की धावत जाऊन झाकायचं. आमसुलं आणि आंब्याची साठं घालणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. एवढं करून साधारण २० ते २५ फळांमागे एक किलो सुकी बी मिळते.

आता आजीच्या प्रश्नाचं उत्तर. पाणी आणणं, आंबवणं, वाळवणं, निवडणं यातलं बरंचसं काम बायका करतात. पण पोतं काट्यावर जातं तेव्हा सोबत जातो तो नवरा. जमीन त्याची, खरेदीदाराच्या पासबुकात नाव त्याचं. म्हणून पैसे त्याच्या हातात, आणि प्रशिक्षणाला 'शेतकऱ्यांना' बोलावलं की जातोही तोच. ज्या हातांनी बी वाळते त्यांनाच वाळवण्याचं प्रशिक्षण मिळत नाही. ओळखीचं वाटतंय ना?

दुसरी गोष्ट काट्याची. घानात १९९३ च्या सुमारास कोकोची खरेदी खासगी खरेदीदारांनाही खुली झाली. काट्यात मारलं जातं ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. आपल्याकडे कडता कापतात, तसंच समजा. त्याच वर्षी शेतकऱ्यांनी स्वतःची संस्था काढली, कुआपा कोकू. त्यांच्या ट्वी भाषेत याचा अर्थ 'चांगला कोको शेतकरी'. प्रत्येक गावातले सभासद आपल्यातूनच एकाला निवडतात, तोच वजन करतो आणि नोंद ठेवतो. गावचाच माणूस असल्यामुळे खोटं मापलं तर त्याला राहायचं आहे त्याच गावात! १९९८ साली इंग्लंडमध्ये एक चॉकलेट कंपनी निघाली, तिच्यात ही संस्था भागीदार होती. आता तो हिस्सा बराच कमी झालाय, तरी पोतं विकणारा कंपनीचा मालकही असू शकतो हे त्यांनी दाखवून दिलं.

चॉकलेटवर जे शिक्के दिसतात त्यातला फेअरट्रेड हा एक. त्याच्या नियमाप्रमाणे २०१९ पासून टनामागे २४० डॉलर जादा संस्थेकडे जमा होतात. हिशोब केला तर एका पोत्यामागे १५ डॉलरच्या आसपास. हे पैसे कुठे वापरायचे ते सभासद सभेत ठरवतात. बोअरवेल, शाळेची खोली, फवारणीची साधनं. चांगलंच आहे. पण आधी सभासद व्हावं लागतं, आणि पासबुक ज्याच्या नावावर तो सभासद. म्हणजे पुन्हा तिथेच आलो.

आता अवघड भाग. कोकोच्या बागांत मुलं राबतात हे बरीच वर्षं माहीत आहे. २००१ साली मोठ्या चॉकलेट कंपन्यांच्या संघटनांनी कराराने कबूल केलं की २००५ पर्यंत मुलांची सगळ्यात घातक कामं बंद करू. झालं नाही. मुदती वाढत गेल्या. २०२० साली शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी अहवाल दिला, तेव्हा या दोन देशांत मिळून कोकोत बालमजुरी करणारी सुमारे १५ लाख ६० हजार मुलं होती. त्यातली बहुतेक स्वतःच्याच घरच्या शेतात. हातात कोयता, डोक्यावर ओझं, फवारणीच्या वासात. आईबाप वाईट असतात असं नाही. मजूर लावायला पैसे नसतात.

मग खरेदीदाराने काय करावं? त्या गावाचा माल बंद? २००९ मध्ये कुआपाच्याच काही गावांत मुलं कामावर सापडली आणि त्या गावांची खरेदी काही काळ थांबवली गेली. मला वाटतं, नुसतं एवढंच केलं तर पुढच्या वेळी गाव मुलं लपवेल. आता बऱ्याच ठिकाणी गावातलंच एक माणूस घरोघर फिरतं, अगदी आपल्या सीआरपीताईंसारखं. मूल कामावर दिसलं तर नोंद होते, मग जन्मदाखला काढून देणं, शाळेचं साहित्य देणं, असं काम सुरू होतं. दाखला नसेल तर आयव्हरी कोस्टमध्ये पुढच्या परीक्षेला बसणं अडतं.

यात बायकांच्या बचतीचा मोठा वाटा आहे. १९९१ साली नायजर देशात 'केअर' संस्थेने बायकांचे बचत गट सुरू केले, ते आता कोकोच्या गावांतही आहेत. वीस-पंचवीस जणी, एक लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं आणि तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. वर्ष संपलं की बचत व्याजासकट वाटून घेतात, पुन्हा नव्याने सुरू. (आपण वाटून घेत नाही, बँकेची पत वाढवतो. कोणतं बरं, यावर गटात जरूर भांडा.) तिथे शाळा सप्टेंबरात उघडते आणि कोकोचा मुख्य हंगाम ऑक्टोबरपासून. म्हणजे फी भरायची तेव्हाच घर रिकामं. त्या महिन्यात पेटीतून कर्ज मिळालं तर मूल वर्गात बसतं.

कंपन्या अशा पेट्यांचे फोटो अहवालात छापतात. छापू देत. पण पेटीत पडतो तो पैसा शेवटी कोकोच्या दरातूनच येतो. म्हणूनच २०१९ मध्ये दोन्ही देशांनी मिळून टनामागे ४०० डॉलर जादा द्यायलाच हवेत असं ठरवलं. पुढे २०२४ मध्ये जागतिक बाजारात दर टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हा मात्र शेतकऱ्याच्या हाती त्याचा थोडाच भाग आला. बरंचसं पीक आधीच जुन्या दराने विकलेलं होतं. वर झाडं म्हातारी, रोग पडलेला, पाऊस अवेळी. दर होता तेव्हा बी नव्हती.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने गेल्या हंगामातली काजू बी विक्रीची पावती घेऊन यावी. त्यावर नाव कोणाचं, वजन कोणी केलं, कडता किती कापला, हे मोठ्याने वाचायचं. पावतीच नसेल तर तसं सांगा, तेही वहीत लिहू. बी पडायला लागायच्या आत ग्रामसंघाच्या सभेत हा कागद ठेवायचा आहे. आणि स्वतःचा काटा घ्यायचा का, हा विषय त्याच दिवशी.