शाळेचे भजनी मंडळ आणि आवाज फुटलेली मुले

आषाढी जवळ आली की तालुक्याच्या गावोगावच्या हायस्कुलांतून दिंड्या निघतात. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला विठोबा, नऊवारी नेसलेली रखुमाई, डोक्यावर तुळस घेतलेल्या पाचवी-सहावीतल्या मुली, आणि पुढे लेझीम. पाहून बरे वाटते, हे आम्हीही नाकारीत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी टाळ कपाटात जातात ते स्नेहसंमेलनापर्यंत बाहेर येत नाहीत. पेटीला तर कित्येक ठिकाणी उंदरांचीच संगत. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले याच शाळांतून शिकतात, आणि गावातल्या बुवांना बोलावून शाळेत भजनी मंडळ चालवावे असा विचारही अधूनमधून निघतो. म्हणून अशा मंडळातील एकाच गोष्टीचा येथे विचार करू. गोष्ट लहान दिसते; पण तिच्यापायी कितीतरी मुले भजनाला कायमची मुकतात.

सहावीत जो मुलगा काळी चारमध्ये लख्ख गातो, वरचा षड्ज सहज लावतो, तोच आठवी-नववीत एकाएकी चिरकू लागतो. एक शब्द जाड, दुसरा बारीक. ओळीच्या मध्येच स्वर निसटतो आणि वर्ग हसतो. स्पर्धा तोंडावर आलेली असते. शिक्षक म्हणतात, "अरे, तुझा आवाज गेला, तू आता लेझमीत जा." पोरगं लेझमीत जातं, तिथून स्काऊटच्या ढोलपथकात, आणि गाण्याच्या खोलीकडे पुन्हा फिरकत नाही. पुढे चाळिशीत तोच मनुष्य दिंडीत चालताना नुसते ओठ हलवितो. विचारले तर सांगतो, "आपल्याला गळा नाही हो, महाराज." असे वारकरी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना गळा नव्हता असे नव्हे. चौदाव्या वर्षी कोणीतरी नाही म्हणून सांगितले, एवढेच.

आता हे घडते कसे ते पाहा. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलाच्या कंठातील स्वरयंत्र वाढते. गळ्यावर जो उंचवटा दिसू लागतो तो त्याचाच. आतल्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते. बारीक तारेपेक्षा जाड तार खाली बोलते, हे तंतुवाद्यावर मुलांना लगेच दाखविता येईल. तसाच मुलाचा आवाज खाली येतो, जवळजवळ एक सप्तक. मधल्या काळात जुनी सवय वर ओढते आणि नवा कंठ खाली, म्हणून चिरकणे. हे काही महिने चालते, कोणाचे वर्ष-दीड वर्षही. मुलींचा आवाजही याच वयात उतरतो, पण दोन-तीन स्वरच, त्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्येष्ठमध चघळल्याने घशाला आराम पडेल, पण त्याने आवाज लवकर बसेल असे मानू नये. तो आपल्या वेळेनेच बसतो.

या काळात चढ्या पट्टीत ओरडून गावयास लावणे वाईट, आणि गाणे अजिबात बंद पाडणे त्याहून वाईट. मधला मार्ग आहे. पुरुषांची पट्टी काळी एक-दोन, बायकामुलांची काळी चार-पाच, असा सर्वसाधारण हिशेब असतो. सगळे मंडळ काळी चारमध्ये गात असताना या मुलांनी तोच स्वर एक सप्तक खाली धरावा. षड्ज खालचा असो की वरचा, तो षड्जच. दोन्ही एकत्र वाजले तर कानाला खटकत नाही, उलट भजनाला तळ येतो. चाली निवडताना एवढे पाहावे की ध्रुपद पाच-सहा स्वरांच्या आत फिरावे. रूपाच्या अभंगांना अशा साध्या चाली पुष्कळ आहेत. अंतऱ्यात चाल वर चढली की मोठ्या मुलांनी थांबावे, लहानांनी गावे, आणि ध्रुपदावर सगळ्यांनी मिळून यावे. खालचा स्वरही लागत नसेल त्याने त्या दिवशी नुसता गजर करावा. पण ओळीतून बाहेर पडू नये.

टाळाचे काय? पुष्कळ ठिकाणी टाळ म्हणजे "ज्याला गाता येत नाही त्याला द्यायची वस्तू" असे झाले आहे. हे आम्हांस मुळीच मान्य नाही. मुलांचा जमाव एकत्र गाऊ लागला की लय पळते. तिला आवरणारे दोनच, मृदंग आणि टाळ. आठ मात्रांचा भजनी ठेका दहा मिनिटे एका लयीत धरून दाखवावा, म्हणजे टाळकऱ्याची किंमत कळेल. आवाज फुटलेल्या मुलास टाळ जरूर द्यावा, पण गाण्याच्या बदली नव्हे, गाण्यासकट. ज्याला हाताची गोडी लागली त्याला पखवाजाकडे वळवावे. डाव्या तोंडाला कणीक किती लावायची, ती सुकली म्हणजे धूम कशी बदलते, यात पोर रमते आणि मंडळात टिकते.

जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथला अभ्यासक्रम चार वर्षांचा, मुले तिथेच राहणारी. हायस्कुलात आपल्या हाती आठवड्यातला एखादा तास. मग नेमाला महत्त्व येते. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तिथल्या छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. वार्षिक अंक नव्हे, दैनिक. याच गुरुजींनी विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली पंढरपुरात उपोषण केले, हे वाचकांना माहीतच आहे. आमचे म्हणणे इतकेच की रोज शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटे भजन झाले तरी स्पर्धेआधीच्या महिनाभराच्या धावपळीपेक्षा ते कितीतरी बरे.

एक सूचना बुवांसाठी. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलास उपासनेला बसविता येत नाही. तेव्हा मुख्याध्यापकांशी आधी बोलून घ्यावे, आणि मंडळ शाळा सुटल्यावर, ज्याला यायचे त्याच्यासाठीच ठेवावे. हजेरी घेऊ नये.

स्पर्धेला नेताना मात्र पंचाईत होते. पथकात जागा मोजक्या, आणि शिक्षकाला ढाल हवी असते. आमचा सल्ला असा की स्पर्धेसाठी निवडक मुले न्यावयाचीच असली तर न्यावी, परंतु रोजच्या मंडळाला त्या निवडीचा वारा लागू देऊ नये. पथकात न घेतलेल्या मुलास कारण स्पष्ट सांगावे: तुझा आवाज उतरतो आहे, तो गेलेला नाही.

आणि उतरून झाला की त्याची नवी पट्टी शोधून द्यावी. दहावीच्या सुमारास मुलगा एका सुरात बोलू लागला म्हणजे वेळ आली असे समजावे. पेटीवर काळी एक धरून त्याला षड्ज लावावयास सांगावे; तिथून पंचमापर्यंत वर आणि मंद्रातल्या पंचमापर्यंत खाली न ताणता जाता आले तर तीच त्याची पट्टी. वर ताण पडला तर पांढरी सात पाहावी, सहज जमले तर काळी दोन. मग त्याच्या ओळखीचा, सहावीत त्याने गाइलेलाच अभंग घ्यावा आणि नव्या पट्टीत त्याच्याकडून पहिल्यापासून म्हणवून घ्यावा.