पुढच्या विमानाआधी दुबईचा एक दिवस: दोघांना खर्च किती?

सांगवीहून मुंबईचे विमानतळ गाठतानाच अंग शिणते. मुलाकडे लंडन-अमेरिकेला निघालेले आई-वडील म्हणून वाटेत दुबईला मुक्काम करतात, हे चांगलेच. पण शेवटच्या दिवशी सकाळी हॉटेल सुटते, विमान रात्री असते आणि मधले दहा-बारा तास मॉलच्या बाकड्यावर जातात. तसे करू नका. दोघांच्या मिळून 200 दिरहमांत हा दिवस उत्तम जातो. दिरहम 25 रुपयांचा धरला तर 5,000 रुपये.

सामान हॉटेलच्या काउंटरवरच ठेवा. खोली सोडल्यावरही बहुतेक हॉटेले ते विनामूल्य सांभाळतात, तरी आदल्या रात्री विचारून घ्या. विमानतळावर मात्र नगामागे पैसे पडतात.

मेट्रोचा दिवसभराचा पास 20 दिरहमांचा, तो ज्यावर मिळतो त्या लाल तिकिटाचे 2 वेगळे. म्हणजे दोघांचे 44. डब्यात खाऊ नका, महिलांच्या डब्यात पुरुषांनी चढू नका. दोन्हींना 100 दिरहम दंड आहे. आपल्या माणसांची चूक होते ती इथेच.

जायचे कुठे? माझे मत स्पष्ट आहे: खाडीवर. जुने दुबई तिथेच आहे. बर दुबईहून देऱ्याला जाणाऱ्या लाकडी होडीला, म्हणजे अब्राला, माणशी एक दिरहम पडतो. या खाडीतून अजूनही मालाची गलबते ये-जा करतात. अल फहिदीच्या मातीच्या रंगाच्या गल्ल्या फिरायला तिकीट नाही. 1787 चा किल्ला शेजारीच आहे. पलीकडे मसाल्यांचा आणि सोन्याचा बाजार. बर दुबई-करामा भागात शाकाहारी थाळी 20 ते 30 दिरहमांत मिळते. संध्याकाळी बुर्ज खलिफाखालची कारंजी फुकट बघा. वर चढायचे तिकीट माणशी दीडशे दिरहमांच्या पुढे जाते. दोघांच्या त्या पैशांत अख्खा दिवस निघतो. जून ते सप्टेंबर असेल तर दुपारी 11 ते 4 उन्हात फिरूच नका, खाडी सकाळीच उरका.

सोन्याच्या बाजारात भाव ठरलेला असतो, घासाघीस मजुरीवर करा. पण भारतात परतताना दागिन्यांवरची शुल्कमाफी वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांसाठीच आहे. चार दिवसांच्या पर्यटकाला ती नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. नातवंडांसाठी अनारसे, मसाला नेताना पिशवीत खसखस असेल तर ती घरीच काढून ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते आणि त्यापायी अटक होऊ शकते. कोडीन असलेले खोकल्याचे औषधही परवानगीशिवाय नेऊ नका. रोजच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. विमानतळाबाहेर पडण्यासाठी व्हिसा लागतो. 48 किंवा 96 तासांचा ट्रान्झिट व्हिसा निघण्यापूर्वीच विमान कंपनीमार्फत काढा.

विमानतळावर विमानाच्या तीन तास आधी पोहोचा. टर्मिनल 1 आणि 3 ला मेट्रोची लाल मार्गिका थेट जाते. टर्मिनल 2 ला मेट्रो नाही, तिथे टॅक्सी करा. म्हणून तिकिटावरचे टर्मिनल आदल्या दिवशीच पाहून ठेवा.