अडकलेल्या लॉकवर हातोडी नको

प्रश्न : घरच्या टेबल सॉचं पातं तिरकं करायचा लॉक पावसाळ्यानंतर जाम झालाय. रोज तेल सोडतो, तरी हलत नाही. तुटला असेल का?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : घाबरू नका, बहुधा तुटलेला नाही. तेलच आड येतंय. तेलात सागाचा भुसा बसला की आट्यांत लुकणासारखा थर जमतो, त्यात दमटपणाचा गंज. आधी प्लग काढा, पातं उतरवा. जुन्या टूथब्रशने आट्यांना रॉकेल लावा, अर्धा तास थांबा, मग दांडी थोडी पुढे, थोडी मागे करा. हातोडी मात्र नकोच, बीड तडकतं. रॉकेल पुसून पूर्ण वाळू द्या, जवळ विस्तव नको. आट्यांवर मेण चोळा. आटे झिजले असतील तर लेथवाल्याकडून नवा बोल्ट करून घ्या. लॉक पक्का बसेपर्यंत मशीन चालवू नका.