परसबाग आणि बालकांतील रक्तक्षय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) मध्य प्रदेशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ७२.७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. इंदूरच्या काळ्या मातीत हिवाळ्यात मेथी, उन्हाळ्यात तांदुळजा आणि पावसाळ्यात शेवग्याचा पाला परसातच मिळू शकतो. पालेभाज्यांतील लोह शरीरात अल्प प्रमाणात शोषले जाते. 'क' जीवनसत्त्वाने ते शोषण वाढते. म्हणून भाजी लोखंडी कढईत शिजवावी, खाली उतरवल्यावर लिंबू पिळावे व जेवणासोबत चहा टाळावा. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळास ती मऊ खिचडीत घोटून द्यावी. मात्र रक्तक्षय जडल्यावर केवळ भाजी पुरत नाही. लोहाचे औषध द्यावेच लागते, हे मी पालकांना आवर्जून सांगतो.