‘होऊन जाते सर’

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६वं साहित्य संमेलन होतं. आमच्या प्रकाशनाच्या स्टॉलवर वेबसाइटचा क्यूआर कोड लावायचा होता, म्हणून त्याआधी एका पुस्तकाची किंमत बदलून मागितली. नागपूरच्या आमच्या वेबसाइटवाल्याने त्या एका आकड्याचं वेगळं बिल पाठवलं आणि बदल केला तो संमेलनाचा मंडप उठल्यावर. लॉगिन आमच्याकडे होतं, पण किंमत, मुखपृष्ठ, मेनू यांतलं काहीच आम्हाला बदलता येत नव्हतं.

‘वर्डप्रेससारखं फुकटचं नाही, आमची स्वतःची सिस्टिम आहे,’ असं त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. उद्या दुसरीकडे जायचं झालं तर सगळा मजकूर मिळेल ना, हे मी काम देण्याआधीच ई-मेलने विचारलं होतं. ‘होऊन जाते सर, टेन्शन नका घेऊ,’ हे त्यांचं उत्तर आजही माझ्याकडे आहे.

शेवटी दुसरीकडे जायचं ठरवलं. शेवटचं बिल चुकतं केल्यावर बॅकअप आला. उघडला, तर आयएसबीएन आणि किमती शाबूत. मराठीच्या जागी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. लेखकांचे परिचय, पुस्तकांची परीक्षणं, सगळं तसंच. फोन केला तर म्हणतात, ‘तुमच्या कॉम्प्युटरात मराठी फॉन्ट नसेल सर.’ वर्षानुवर्षं मराठी पुस्तकं छापणाऱ्याला हे सांगतात! फॉन्ट नसला तर चौकोन दिसतात. प्रश्नचिन्हं दिसली, तर बहुधा चुकीच्या एन्कोडिंगमध्ये फाइल काढताना अक्षरंच गेलेली असतात. मग कुठलाही फॉन्ट टाका, ती परत येत नाहीत. यूटीएफ-८ मध्ये पुन्हा काढून द्या, एवढंच मागणं होतं. त्यानंतर फोन उचलणं बंद झालं. मग डोमेनची नोंद पाहिली. नोंदणीदार म्हणून त्यांच्या कंपनीचं नाव! पैसे आमचे, नाव आमचं, मालक ते.

थोडा मजकूर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरून मिळाला, बाकीचा जुन्या फाइलींतून पुन्हा भरला. नवी साइट वर्डप्रेसवर आहे. २००३ पासून चालत आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. एक माणूस सोडून गेला तर दुसरा मिळतो, हाच त्याचा मोठा गुण.

पण तिथेही डोळे उघडे ठेवा. ‘एक्सपोर्ट’ केलेल्या फाइलीत लेख येतात, चित्रं येत नाहीत. अपलोड्सचं फोल्डर वेगळं उतरवून घ्या. लेखाचा वेबपत्ता देवनागरीत ठेवला तर प्रत्येक अक्षर, काना, मात्रा नऊ चिन्हं खाते. मर्यादा २०० चिन्हांची, त्यामुळे लांब शीर्षक मध्येच तुटतं. पत्ता रोमन लिपीत हाताने लिहा. जुने पत्ते नव्याकडे वळवून घ्या, नाहीतर गूगलवरून येणारा वाचक रिकाम्या पानावर पोचतो.

करार लेखी करा, पासवर्ड जपा, हे सगळेच सांगतात. मी सांगतो ते हे: शेवटचा हप्ता देण्याआधी पूर्ण बॅकअप मागा आणि तो तिऱ्हाईत माणसाकडून दुसऱ्या सर्व्हरवर चढवून बघा. मराठी नीट वाचता आली, तरच चेक फाडा. डोमेन मात्र पहिल्या दिवशीच स्वतःच्या ई-मेलवरून, स्वतःच्या कार्डावरून घ्या. ‘आम्ही घेऊन देतो’ म्हणणाऱ्याला त्या कामापुरतं नाही म्हणा, माणूस कितीही ओळखीचा असो.