दम धरणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे : मांडूच्या तळ्याकाठचा एक पाठ



मांडूला गेलेला माणूस जहाज महालाच्या गच्चीवर चढतो, एका अंगाला मुंज तलाव आणि दुसऱ्या अंगाला कपूर तलाव बघतो, चार फोटो काढतो आणि रूपमती मंडपाकडे निघतो. आपण पडलो जाळंवाले. आपली नजर महालापेक्षा पाण्याच्या काठाकडे आधी जाणार. आजचा पाठ तिथलाच आहे.

मांडूचा डोंगर सहाशे मीटरच्या वर उंच. वर नदी नाही. नर्मदा खाली निमाडात, मंडपातून रेघेएवढी दिसते. म्हणजे वरचं सगळं पाणी पावसाचं, तळी-कुंडं-बावड्यांत अडवलेलं. सुलतान गेले, मुलूख धारच्या पवारांकडे आला, धार-देवासला मराठी घरं स्थिरावली, पण पाण्याचा हिशोब बदलला नाही: चार महिने येतं, ते आठ महिने पुरवायचं. अशा मुलखात जे जनावर राहतं त्याला थांबता यावंच लागतं.

सगळ्यांच्या ओळखीची म्हणजे ढोकरी. कुणी वंचक म्हणतात. मातकट रंगाची, काठावर मान आखडून बसलेली, पायाशी येईपर्यंत दिसत नाही आणि उडाली की पांढरीशुभ्र. आपल्याकडे 'बकध्यान' हा शब्द ढोंगी माणसासाठी वापरतात. आम्हाला हा बगळ्यावर अन्याय वाटतो. तो ढोंग करत नाही, काम करतो. पाण्यातला मासा जिथे दिसतो तिथे नसतो, थोडा खाली असतो. भाला मारणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. बगळा तो फरक धरून चोच मारतो. आणि एक गोष्ट नीट बघा: बराच वेळ काही आलं नाही तर तो पाच-सात पावलं सरकतो, दुसरी जागा धरतो. एकाच जागी हट्टानं उभं राहणं ही काही त्याची रीत नाही.

पण खरा दम बघायचा तर मरळीचा.

आपल्या गोड्या पाण्यातली ही मरळ (हिंदी मुलखात सोल म्हणतात) कल्ल्यांबरोबर वरच्या हवेतूनही श्वास घेते. उन्हाळ्यात तळं आटत आलं की ती चिखलात शिरते, अंग ओलं ठेवून पडून राहते. वर भेगा पडतात, गुरं चालतात, पोरं क्रिकेट खेळतात. ती खाली असते. पाऊस लागून पाणी साचलं की बाहेर येते आणि पहिलं काम करते ते विणीचं. उथळ पाण्यात, गवताच्या आडोशाला थोडी जागा मोकळी करून अंडी सोडते. अंडी पिवळसर, पाण्यावर तरंगणारी, हजारांनी. दोन-तीन दिवसांत पिल्लं निघतात. पुढचे काही आठवडे लालसर-केशरी पिल्लांचा तो दाट गोळा पृष्ठभागावर फिरतो, श्वासाला वर येतो, खाली जातो. त्याच्या बरोबर खाली आई-बाप असतात. राखणीत नर पुढे. बेडूक येवो, दुसरा मासा येवो, पाणसाप येवो, तो अंगावर जातो.

आता जे सांगायचं आहे ते कडू आहे. हा केशरी गोळा दिसला की मोठी मरळ खालीच आहे, हे आपल्यातल्या लहान पोरालाही कळतं. गोळ्यात गळ नाचवला की ती भुकेनं नव्हे, रागानं तोंड मारते आणि लागते. मरळ जिवंत विकली जाते, भावही चांगला मिळतो. त्या दिवशी घरात पैसे येतात. पण राखणदार गेला की त्या हजारो पिल्लांवर बाकीचे मासे आणि बगळे तुटून पडतात. एका मासळीच्या भावात अख्खी पुढची पिढी विकली जाते.

रोहू, कटला, मृगळ यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या पोटात अंडी तयार होतात, पण साचलेल्या तळ्यात ती सोडली जात नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. नाहीच मिळालं तर अंडी अंगातच जिरून जातात. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात पिट्युटरीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवली. म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. आज आपण जे बोटुकली आणून सोडतो ते त्याच वाटेनं आलेलं. गंमत म्हणजे इंजेक्शनलाही थांबावं लागतं. मादी पिकलेली नसेल तर सुई टोचून काही होत नाही.

धार जिल्ह्यातच, सरदारपूरकडच्या माळावर आणखी एक पाहुणा येतो: तणमोर, तिकडे खरमोर म्हणतात. पावसाळ्यात उंच गवतात नर आपापली जागा धरतो आणि माणसाच्या उंचीएवढ्या उड्या मारतो, दिवसाला शेकडो, कुठेतरी गवतात दडलेल्या मादीला दिसावं म्हणून. त्याच्यासाठी १९८३ साली तिथे अभयारण्य झालं. तरी आज हा पक्षी जगातून नाहीसा होण्याच्या अगदी काठावर आहे. त्याचा दम कमी पडला नाही, गवत कमी पडलं. माळ नांगरले गेले. जागाच उरली नाही तर कितीही धीर असून काय उपयोग! मरळीचं तेच. काठाचं सगळं गवत आपण 'तळं साफ करतो' म्हणून उपटलं तर ती अंडी कुठे सोडणार?

आता आपलं. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. कोकणात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै. पण मध्य प्रदेशात नदीशी संबंध नसलेल्या लहान तळ्यांना ही बंदी लागू नाही, आणि मरळ नेमकी अशाच तळ्यांत विते. तिथे कुणी दंड करायला येणार नाही. ठरवायचं ते तळं घेणाऱ्या संस्थेनं.

आणि हेही बोललं पाहिजे की उपाशी माणसाला बगळ्याचे दाखले देऊन भागत नाही. बंदीच्या काळासाठी बचत-सह-मदत योजना आहे: सभासदानं आपले १,५०० रुपये भरायचे, सरकारचे ३,००० मिळून ४,५०० तीन महिन्यांत परत मिळतात. महिन्याला दीड हजार. त्यात तेल-मीठ होतं, पोरांची फी होत नाही. मरळ चिखलात शिरते ती अंगावर चरबी साठवून. आपल्याला ती चरबी फेब्रुवारी-मार्चच्या चांगल्या मासळीतून साठवावी लागेल, थोडी घरात आणि थोडी संस्थेच्या खात्यात. म्हणजे जुलैत कुणाला गळ घेऊन केशरी गोळ्यामागे जायची पाळी येणार नाही.

यंदा पाणी भरायच्या आधी एवढं करून बघू. तळ्याच्या उथळ बाजूचा एक कोपरा, जिथे गुरं उतरत नाहीत असा, तसाच गवताळ राहू द्यायचा. तिथे चार बांबू रोवून ठेवायचे, म्हणजे जाळं टाकणाऱ्याला लांबून कळेल. पिल्लांचा गोळा दिसला तर दिवस लिहून ठेवायचा. केशरी रंग जाऊन पिल्लं काळपट झाली आणि एकमेकांपासून पांगली, की राखण संपली. मग मोठ्या मरळीला गळ टाकायला हरकत नाही.